कुरतडलेले दिवे

कॅमेऱ्याची बॉडी घ्यायची की लेन्स, हा प्रश्न आमच्या घरात नेहमी ही सोडवायची. ही म्हणजे माझी बायको. फोटो मी काढायचो, पण पैसे कुठे घालायचे ते तिला जास्त कळायचं. "बॉडी म्हणजे भाडेकरू," ती म्हणायची. "चार वर्षं राहील, मग जाईल. लेन्स घरातलं माणूस. तिला आधी बघा."

ही गेल्यावर पहिल्यांदाच हा प्रश्न माझ्या एकट्यासमोर आला.

नाच शिकवणाऱ्या एक बाई आहेत. आमच्या स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर त्यांचा वर्ग भरतो. दिवसभर छतावर पाय आपटतात आणि माझ्या भिंतीवरच्या फ्रेमा हलतात. त्यांच्या वर्गाचा वर्षाचा कार्यक्रम होता. हॉलमधले फोटो आणि नंतर प्रत्येक मुलीचा एक चांगला, मोठा फोटो, असं काम त्यांनी मला दिलं. "तुम्ही परत काम सुरू करताय ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. खरं म्हणजे मी पासपोर्ट फोटो आणि फ्रेमिंग सोडून बरेच महिने काही केलं नव्हतं. हे काम नीट झालं असतं तर मी पुन्हा माणसांत आलो असतो. नसतं झालं तर दुकानाला कुलूप लावून मोकळा झालो असतो, हे मी मनाशी ठरवलं होतं.

हॉलमध्ये उजेड कमी. माझी जुनी बॉडी अंधारात फोटोवर वाळू पसरल्यासारखे दाणे आणते. पैसे एकाच वस्तूपुरते होते. एक तर नवी बॉडी घ्यायची. नाही तर जुनी बॉडी ठेवायची, आमची पोर्ट्रेटची लेन्स वापरायची आणि मोठ्या ग्रुपसाठी एक रुंद लेन्स घ्यायची. पोर्ट्रेटची लेन्स भरपूर उजेड आत घेते, त्यामुळे तिच्यावर जुन्या बॉडीचंही भागतं. ती लेन्स धड असेल तर नव्या बॉडीची गरजच नव्हती.

ती लेन्स हिने घेतलेली. सेकंडहँड, पण शिवणाच्या स्वतःच्या कमाईतून. एकदा एका रडक्या पोराला हसवायला ही स्टुलावर चढली आणि लेन्स तिच्या हातून खाली पडली. काच वाचली. आत उजेडाचं भोक लहानमोठं करणारी पातळ पाती असतात, त्यातलं एक पातं वाकलं. तेव्हापासून त्या लेन्समधून काढलेल्या फोटोत मागचे धूसर दिवे पूर्ण गोल येत नाहीत. प्रत्येक दिव्याला एकाच जागी छोटासा चावा घेतलेला असतो.

"उंदराने कुरतडलेली बिस्किटं," ही म्हणाली होती. मी दुरुस्तीला देणार होतो, तिने दिली नाही. "असू द्या हो. गिऱ्हाइकाला कुठे कळतंय? आपल्याला आपला फोटो ओळखू येईल."

बॉडी की लेन्स, ते विचारायला मी बारक्याला बोलावलं. बारक्या माझा मित्र. आम्ही एकाच उस्तादाकडे फोटो धुवायला शिकलो. तेव्हा तो काडी होता, आता दारातून तिरका आत येतो, पण नाव तेच राहिलं. त्याचा स्टुडिओ चौकात आहे, माझ्यापेक्षा मोठा, काचेच्या दाराचा. ही त्याला भाऊजी म्हणायची. तिच्या आजारपणात हॉस्पिटलमध्ये रोज येणारं माझ्याशिवाय एकच माणूस होतं, ते म्हणजे बारक्या. तिला उचलून खुर्चीत बसवायचं तर एका बाजूने मी आणि एका बाजूने तो. भाऊ असता तरी याहून जास्त काय करता?

तो आला. मी बॅग कपाटातून काढली. ही गेल्यापासून ती उघडली नव्हती.

"लेका, हा काय वास मारतोय," बारक्या म्हणाला. "बॅग ठेवलीस की लोणचं घातलंस?"

"तू बघ. माझं मन होत नाही."

त्याने मोबाइलचा दिवा लावला आणि लेन्स डोळ्याशी धरली. फिरवली. परत फिरवली. मग हळूच खाली ठेवली, डॉक्टर रिपोर्ट ठेवतात तशी.

"बुरशी आहे," तो म्हणाला.

"किती?"

"आतपर्यंत. जाळं झालंय नुसतं. गेली ही, दोस्ता."

मी दिवा घेऊन स्वतः का पाहिलं नाही, असं आता कुणीही विचारेल. तो बघत होता ना. ज्या माणसाच्या हातात मी बायकोचा हात दिला होता, त्याच्या हातातून लेन्स परत घेऊन तपासायची?

"साफ नाही होणार?"

"काचेचा लेपच खाल्लाय. आणि इथे ठेवूही नकोस. एकीची दुसरीला लागते, तुला माहितीय." हे खरं आहे. बुरशी लागलेली लेन्स चांगल्या लेन्सच्या शेजारी कुणी ठेवत नाही. "माझ्या ओळखीचा एक जण सुट्या भागांसाठी घेतो. त्याला देतो. चार पैसे आले तर तुझे."

"पैसे नकोत," मी म्हणालो.

"मग तू बॉडीच घे. दुसरा रस्ता नाही. आणि आपल्या या कंपनीची घेऊ नकोस. या जोडणीच्या लेन्स ते आता काढणार नाहीत. मी अडकलोय, माझ्या सगळ्या लेन्स यातल्याच. तू तरी सुटून जा. जुनं सगळं बदल्यात देऊन टाक."

मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, कुणीतरी ठरवून दिलं याचंच बरं वाटलं. लेन्स त्याने रुमालात गुंडाळून खिशात घातली. जाताना दारात थांबून म्हणाला, "वहिनी असत्या तर रडल्या असत्या रे." तो गेल्यावर मीच रडलो.

दुसऱ्या कंपनीची नवी बॉडी आली, तिच्यासोबत मिळते ती साधी लेन्स आली. जुनी बॉडी आणि नव्या बॉडीवर न बसणाऱ्या बाकीच्या लेन्स बदल्यात गेल्या. कार्यक्रमाचे फोटो स्वच्छ आले, एक दाणा नाही. पण मुलींचे मोठे फोटो नाचाच्या बाईंनी भराभर उलटले. "छान आहेत," त्या म्हणाल्या. "ओळखपत्रावर लावायला पण चालतील." त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, म्हणून जास्त लागलं. पुढच्या कामाचं बोलणं काही निघालं नाही.

मग एक दिवस एक काकू फोटो फ्रेम करायला घेऊन आल्या. त्यांच्या मुलीचा होता. कमरेपर्यंतचा, उभा, मोठा छापलेला. मी टेबलावर उलगडला आणि पट्टी घेऊन मापं घ्यायला लागलो.

"जपून हं," काकू म्हणाल्या. "आमच्या घरात एवढा चांगला फोटो कुणाचाच नाही. तिच्या बाबांना तर म्हटलं, पोरगी माझ्यावर गेलीय हे आता तरी कबूल करा."

मुलगी कुठल्याशा रस्त्यावर संध्याकाळी उभी होती. वाऱ्याने केस तोंडावर आलेले, ते मागे घेताना हसत होती. मागे दुकानांचे दिवे धूसर झाले होते. गोल गोल, पिवळे, एकात एक मिसळलेले. आणि प्रत्येक दिव्याला डाव्या बाजूला चावा घेतलेला होता.

आमच्या आडव्या फोटोंत चावा वर यायचा. कॅमेरा उभा धरला की तो डावीकडे येतो. मी पट्टी खाली ठेवली.

"फोटो कुणी काढला?"

"चौकातल्या स्टुडिओवाल्यांनी. ते जाडे आहेत ना, ते. म्हणाले, अशी लेन्स गावात एकाकडेच आहे." काकू माझ्याकडे बघत होत्या. "का हो? फाटलाय का कुठे?"

"नाही. चांगला आहे," मी म्हणालो. "परवा या."

त्या गेल्यावर मी भिंतीवरचा हिचा फोटो काढून टेबलावर त्याच्या शेजारी ठेवला. तोही उभाच आहे. मला शंका नव्हती, तरी ठेवला. माणूस मेलंय हे माहीत असूनही नाकाशी हात धरून बघतात, तसं. दोन्हीकडे तोच चावा, त्याच जागी, तेवढाच. आणि काकूंच्या मुलीच्या फोटोत बुरशीचा धुरकटपणा नावालाही नव्हता. पापणीचा केस न् केस मोजता येत होता.

मी दुकान उघडं टाकून चौकात गेलो.

बारक्या काउंटरवर पासपोर्ट फोटो कापत होता. मला बघून त्याने कात्री हलवली. "ये ये. चहा सांगू?"

"लेन्स कुठाय?"

त्याने कुठली म्हणून विचारलं नाही. तिथेच सगळं संपलं खरं तर. कात्री खाली ठेवून त्याने दाराकडे पाहिलं, कुणी गिऱ्हाईक आहे का ते.

"तू बस आधी."

"बुरशी कशी काय गेली रे? औषध दिलंस का तिला?"

"आवाज नको वाढवूस. ऐकून घे. पडूनच होती ती तुझ्याकडे. तू बॅगेला हात लावत नव्हतास. अजून एक पावसाळा गेला असता तर खरंच बुरशी लागली असती."

"म्हणजे तू मला आगाऊ खबर दिलीस."

"टोमणे मार, मार. पण तू ती वापरली असतीस का? खरं सांग."

"वरच्या बाईंचं काम मी त्याच लेन्सवर करणार होतो. त्यासाठीच तुला बोलावलं होतं. आणि माझ्या बाकीच्या लेन्स का द्यायला लावल्यास? कंपनी का बदलायला लावलीस?"

उत्तर मला तिथे उभ्या उभ्या आपोआप कळलं. जुन्या जोडणीची बॉडी माझ्याकडे राहिली असती, तर कधी ना कधी मी तशीच दुसरी लेन्स शोधली असती, दुकानांत विचारलं असतं, फोटो पारखले असते आणि एखाद्यात तो चावा दिसला असता. त्याने मला त्या वाटेवरूनच उठवलं. केसाने गळा कापला, आणि मान मी स्वतः पुढे केली होती.

"तुला हवी होती तर मागायचीस," मी म्हणालो. "मी नाही म्हणालो असतो. मग पुन्हा मागायचीस. आपल्यात काय लाज होती?"

तेव्हा त्याने ते वाक्य उच्चारलं.

"वहिनींनीच सांगितलं होतं मला."

"काय?"

"हॉस्पिटलात. तू खाली औषधं आणायला गेला होतास. म्हणाल्या, भाऊजी, ह्यांच्याने आता काही व्हायचं नाही. ती लेन्स तुम्ही चालवा."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"शपथेवर सांगतोस?"

"वहिनींची शपथ."

"तिची घेऊ नकोस. तिचं आता काही बिघडत नाही." मग मला सुचलं ते मी विचारलं. "तिनं दिली होती तर बुरशी कशाला पाहिजे होती? तू माझ्या घरी येऊन म्हणायचंस, वहिनींची इच्छा आहे, दे. मी रुमालात नाही, डोक्यावर ठेवून आणून दिली असती."

बारक्या कापलेले पासपोर्ट फोटो गोळा करून त्यांचा गठ्ठा नीट करायला लागला. कुणातरी परक्या माणसाचे आठ सारखे चेहरे.

"तुला वाईट वाटलं असतं," तो शेवटी म्हणाला. "तुझ्याने काही व्हायचं नाही, असं त्या म्हणाल्या ते ऐकून."

"मग आत्ता नाही का वाटत?"

मी काउंटरच्या आत गेलो. एवढ्या वर्षांत कधी विचारून गेलो नव्हतो, तेव्हाही विचारलं नाही. त्याचा कॅमेरा खुर्चीवर होता आणि लेन्स त्यावरच लावलेली होती. मी बटण दाबून फिरवली आणि काढून घेतली. तो उठला नाही. कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून सवयीने त्याने त्यावर फक्त झाकण बसवलं.

"नेऊन काय करणार आहेस?" तो म्हणाला. "तुझ्या नव्या बॉडीला ती लागत पण नाही."

"माहितीय."

"अरे, मग इथे निदान वापरात तरी आहे. दोघं मिळून वापरू. तू इथे येऊन काढत जा फोटो. अरे, मी काय परका आहे?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं असं मला वाटतं. त्याच डोळ्यांनी त्याने मोबाइलच्या दिव्यात स्वच्छ काच पाहिली होती.

मी दुकान बंद करून घरी आलो. वाटेत मनात सगळं जुळवत होतो, कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. अगं, तुझे भाऊजी, असं म्हणून तिला चिडवायचं. कुलूप काढून आत गेल्यावर लक्षात आलं की हे ज्या एका माणसाला सांगायचं ते घरात नाही. आणि दुसऱ्या ज्याला सांगितलं असतं, त्याच्याकडूनच मी येत होतो.

काकूंची फ्रेम मी वेळेवर करून दिली. चांगल्या पट्ट्या लावल्या. मुलीचा त्यात काही दोष नव्हता.

बारक्या दोनदा येऊन गेला. मी आतून दार उघडलं नाही. तो खोटं बोलला हे मला कळतं. बुरशीचं खोटं होतं, तसंच हेही. पण लेन्स परत आणता आली, त्या वाक्याने नेलं ते नाही आणता येत. हिचे शेवटचे दिवस माझ्याकडे होते, जसेच्या तसे होते. कोणत्या दिवशी ती काय बोलली, पाणी कधी मागितलं, कुठल्या नर्सवर हसली, सगळं. आता त्यात एक मधली जागा तयार झाली आहे. मी औषधं घेऊन जिना चढतोय आणि वर खोलीत दोघं बोलतायत. मी दारात आल्यावर ते थांबले होते का? एकदा थांबले होते असं वाटतं. पण माणसं दमूनही थांबतात.

सकाळी दुकान झाडताना मी ते वाक्य तिच्या आवाजात म्हणून बघतो. भाऊजी, ह्यांच्याने आता काही व्हायचं नाही. ते तिचं वाटत नाही. ती असं कधी बोलली नसती.

एखाद्या दिवशी मात्र वाटतं.