तनयाच्या अक्षरातला फॉर्म

डोळे मिटा बघू. एक काळवंडलेली दगडी इमारत डोळ्यांसमोर आणा. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात गिरणीकामगारांनी वर्गणी काढून बांधलेली. खाली बाजार, वर सभागृह. रीत एकच: खाली जो विकतो, त्याला वर बोलता येतं. इथं संप ठरले, इथं बायकांनी मताचा हक्क मागितला. आता निम्मे गाळे बंद होते, छत गळत होतं आणि शहराच्या कौन्सिलला इमारत विकायची होती.

त्यासाठीच वर सभा भरली होती. शेवटच्या रांगेत दहा वर्षांची तनया आजीला चिकटून बसली होती. सुप्रभाआजीचा खाली लोकर-बटणांचा गाळा. अडतीस वर्षं तिथं बसून ती वर आज पहिल्यांदाच आली होती. गाळा गेला, की तिला दिवसभर घरात भिंतीकडं बघत बसावं लागणार होतं.

टेबलामागचे कौन्सिलचे साहेब गाळेधारकांनी मत लिहून दिलेले फॉर्म वाचत होते. "सर्वांत जुन्या गाळेधारक सुप्रभा यांची काहीच तक्रार नाही. लिहितात, तुम्ही ठरवाल तसं."

पुढच्या रांगेतला मासेवाला टेरी गर्रकन वळला. "वा, सुप्रभा! आम्ही घसा फोडतोय आणि तू हात झटकून मोकळी?"

आजीनं मान खाली घातली. तो फॉर्म तनयानंच भरला होता. आजी लोकर गुंडाळत म्हणाली होती, "लिही गं, आमची काही तक्रार नाही, तुम्ही ठरवाल तसं." तनयानं शब्द न् शब्द इंग्रजीत उतरवला होता.

"आजी, तुला गाळा पाहिजे ना?"

"पाहिजे तर! पण असं तोंड उघडून मागायचं का कुणाकडं? आपण नको म्हणावं, समोरच्यानं आग्रह करावा."

"पण फॉर्म आग्रह करत नाही, आजी. मग मी चुकीचा लिहिला?"

"तू नाही गं बाळा. मीच चुकले."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बोलणाऱ्यांची यादी संपली होती, आता विक्रीवर मतदान. खिडकीबाहेर हिवाळ्यातलं चार वाजताच अंधारून आलं होतं.

तनया उठली. सगळ्या रांगा ओलांडून ती टेबलापाशी गेली.

"ते अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "आजीला गाळा पाहिजे. तिला मागता येत नाही."

"बेटा, वेळ संपली," साहेब हळूच म्हणाले. "जागेवर जा."

तनयानं टेबलावरच्या आजीच्या फॉर्मवर तळहात दाबून धरला आणि मतदानासाठी हात वर झाले तरी ती तिथून हलली नाही.