एकसष्ट हात

ताटातल्या भातावर माश्या अशा बसायच्या, की भात की तीळ, कळू नये. सासू म्हणायची, "एक घास आपला, चार त्यांचे." शिंपीण एका हातानं मशीनखालचं कापड सरकवायची, दुसऱ्यानं पोरीच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकायची. कुंपणापलीकडे कोंबड्यांची शेड. विष्ठेचे ढीग, त्यात मेलेली पिल्लं, उन्हात शिजणारा वास. आणि आता कोंबडीवाल्याला दुसरी शेड हवी होती, थेट हिच्या विहिरीला खेटून.

तिनं व्हिडिओ टाकला. ऐंशी हजारांनी बघितला.

*ताई, लढ.*
*आम्ही आहोत.*
*शी, जेवत होतो गं.*

शेडच्या परवानगीसाठी ग्रामसभा रविवारी, शाळेच्या मोठ्या खोलीत. हात वर करून मत द्यायचं. शिंपिणीनं ग्रुपवर लिहिलं: सगळ्यांनी या. शूटिंग करा. त्याच्या बाजूनं कोण हात वर करतो ते गावाला दिसू दे.

आणि पोरं आली की हो. एरवी मतदानाला अंथरुणातून न उठणारी, केस विंचरून आली.

ग्रामपंचायतीच्या कारकुनानं चष्मा पुसला. "नव्या शेडला ज्यांची संमती, त्यांनी हात वर करा."

पुढच्या बाकांवर कोंबडीवाल्याचे भाऊ, मेहुणे. सात हात वर गेले. ते टिपायला मागच्या पोरांनी फोन डोक्यावर धरले. शिंपीण तर फोन उंच धरून स्टुलावर चढली. कारकून बोटानं मोजत सावकाश मागे आला. पोरं त्यालाच टिपू लागली. एक म्हणाला, "काका, जरा इकडं बघा." काकांनी बघितलं.

"एकसष्ट. विरोधात?"

सासूचा हात वर गेला. आणखी अठरा म्हाताऱ्यांचे. मग पोरांचेही जाऊ लागले.

"एका माणसाला एकच मत, बाळांनो. तुमचं मोजून झालं."

"अहो, आम्ही शूटिंग करत होतो."

"हातानंच ना?"

पुढचे बाक खदखदले.

"पुन्हा मोजा," शिंपीण म्हणाली.

"ठराव लिहून झाला."

ती पोरांकडे वळली. "चला, दारात बसू. कागद फाडेपर्यंत कुणाला बाहेर सोडायचं नाही."

माना खाली, अंगठे चालू. एकानं वर न बघताच सांगितलं, "ताई, एक मिनिट. अपलोड होतंय."

सासूनं तिला बाहेर काढलं. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. म्हाताऱ्यांना फोन धरता येत नाही, म्हणून एकोणीस तरी वाचले."

घरी पोचेपर्यंत 'लोकशाहीचा खून' नावाचा व्हिडिओ गावभर फिरला होता. खाली रडकी तोंडं, फुटलेली काळजं, ताई लढ. शिंपिणीनं फोन पालथा टाकला आणि पोरीच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकल्या.

सकाळी कारकून दारात.

"सूनबाई, तुझा व्हिडिओ पाठव. स्टुलावरनं घेतलास, त्यात सगळे एकसष्ट हात येतात. कुणी हरकत घेतली तर पुरावा लागेल."

"हरकत मीच घेणार आहे."

"घे की," तो म्हणाला. "म्हणून तर हवाय."