टेकडीवरचा शिवेचा दगड

ज्युपिटरच्या देवळाचा पाया खणायला राजाने आम्हाला टेकडीवर बोलावलं, तेव्हा पेरणी तोंडावर आली होती. शिव्या देतच आम्ही वर चढलो. पण खड्डा जसजसा खोल गेला, तसतशी शिव्यांची धार बोथट होत गेली. अल्बाच्या डोंगरापासून समुद्रापर्यंत कुठल्याही लॅटिन गावात एवढं देऊळ नव्हतं. खाली टायबरमधून मिठाच्या होड्या नेणारे परके लोक मान वर करून बघायचे. आम्ही उघड्याबंब अंगाने, चिखलाने माखलेले, उगाचच छाती काढून काठावर उभे राहायचो.

अडचण एकच होती. त्या जागेवर आधीपासून देव राहत होते. कुणाच्या पणज्याने मांडलेल्या लहान लहान वेद्या होत्या. त्यांना न विचारता हलवायचं कसं? म्हणून ऑपिटर आला. हा शकुन बघणारा म्हातारा पुरोहित. एकेका वेदीपाशी बसायचा, हातातल्या वाकड्या काठीने आभाळाचे भाग पाडायचा आणि पाखरांची वाट बघायचा. पाखरं शुभ बाजूने आली की देव हलायला राजी. असे एकेक करून सगळे देव राजी झाले. आम्ही त्यांना बासरी वाजवत दुसरीकडे नेऊन बसवलं.

शेवटी राहिला तेर्मिनुस, शिवेचा देव. मूर्ती वगैरे काही नाही. गुडघ्याच्या वर येईल एवढा, तेल पिऊन पिऊन काळा झालेला दगड. तोही नेमका मोठ्या गाभाऱ्यासमोर, जिथे सगळ्यात गुळगुळीत फरशी यायची होती तिथेच.

त्याची पूजा पुपियाकडे होती. पुपिया विधवा, पन्नाशी उलटलेली, आवाज असा की खालच्या बाजारातले बैल बुजावेत. पूर्वी त्या दगडाच्या एका अंगाला तिच्या माहेरचं शेत होतं आणि दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांचं. राजाने देवळासाठी दोन्ही घेतली. शेजारी सबाइन मुलखात निघून गेले. पुपिया मात्र टेकडीच्या उतारावर झोपडी घालून राहिली आणि रोज दगडाला तेल लावत राहिली.

ऑपिटर दगडापाशी बसला. नदीकडून साळुंक्यांचा थवा शुभ बाजूनेच येत होता. आमच्या डोक्यावर यायला थोडं अंतर राहिलं, आणि थवा वळला आणि आल्या वाटेने परत गेला.

"नाही म्हणतोय," ऑपिटर हळूच म्हणाला.

बांधकामाचा मुख्य होता वेल्थूर. राजाने त्याला नदीपलीकडून, एत्रुस्कन मुलखातून मुद्दाम आणलं होतं. माणूस हाताचा गुणी, पण जिभेला काटे.

"पुन्हा विचार," तो म्हणाला.

"देवाला दोनदा विचारत नाहीत रे बाबा."

"ऐकू आलं नसेल त्याला. दगडच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपिटर पुन्हा बसला. ऊन चढलं, डोक्यावर आलं, तरी आभाळ कोरंच. माझ्या शेजारी खणणारा वोपिस्कुस म्हणाला, "खाली बाजार भरलाय, मासे कापतायत, आणि वर एक कावळा नाही? मी तर कुदळीला हात लावणार नाही बुवा." वोपिस्कुस म्हणजे पुपियाशी पाण्यावरून रोज भांडणारा माणूस.

मग वेल्थूर पुपियाकडे वळला. आवाज मऊ केला.

"मावशी, तू पूजा करणारी. तू स्वतःच्या हाताने हलवलास तर तो रागावणार नाही. राजा तुला नदीकाठची काळी जमीन देईल."

"आणि ह्याला?"

"त्यालाही तिथेच बस म्हणावं. अगं, दोन्ही शेतं गेली. मग आता शीव कशाची राहिली?"

पुपियाने पदराला हात पुसले. "शेतं राजाची झाली, शीव नाही झाली," ती म्हणाली, आणि तेलाचं भांडं उचलून दगडापाशी जाऊन उभी राहिली.

वेल्थूरचा चेहरा लाल झाला. त्याने आम्हाला हुकूम सोडला, "खणा! काढा तो बाहेर!"

वोपिस्कुसने कुदळ खाली ठेवली. मग मी ठेवली. मग खड्ड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंड मातीवर टेकल्याचा आवाज होत गेला. राजाच्या नावाने इतके दिवस कुरकुरलो होतो, पण काम कधी थांबवलं नव्हतं. त्या दिवशी थांबवलं, आणि कुणी कुणाकडे बघितलंसुद्धा नाही.

"भित्रे लेकाचे!" म्हणत वेल्थूरने स्वतः पहार उचलली आणि दगडाकडे निघाला.

आम्हाला वाटलं, पुपिया आडवी पडेल, छाती बडवेल. ती बाजूला झाली. वाट करून दिली.

"उचल ना," ती म्हणाली. "तू परका आहेस, म्हणून आधी सांगते. आमच्यात शिवेचा दगड उपटणारा माणूस देवाला वाहिलेला. त्याचे बैलही देवाचे. त्याला जो मारेल, त्याला पाप नाही, दंड नाही. हा कायदा कुठल्या राजाने केलेला नाही. राजांच्या आधीचा आहे. आता घाल पहार."

वेल्थूरने मागे वळून बघितलं. खाली ठेवलेल्या कुदळी आम्ही पुन्हा हातात घेतल्या होत्या. कधी घेतल्या, आमचं आम्हालाच कळलं नव्हतं.

तो भित्रा नव्हता. पण वेडाही नव्हता. पहार हळूच मातीत टेकवून म्हणाला, "राजाला बोलवा."

राजा आला. पुढे कुऱ्हाडी खांद्यावर घेतलेले शिपाई, मागे तो. ऑपिटरचं ऐकलं, वेल्थूरचं ऐकलं, मग पुपियासमोर उभा राहिला.

"बाई, मी कोण आहे ते ठाऊक आहे ना?"

"न ठाऊक असायला काय झालं? राजा आहेस. ह्या सगळ्यांनी सभेत हो म्हटलं, म्हणून झालास."

शिपायांपैकी एकाने श्वास ओढून घेतला.

"मग माझा हुकूम चालतो की नाही?"

"चालतो की. शेत मागितलंस, दिलं. माझे दोन्ही मुलगे लढाईला मागितलेस, दिले. एक परत आला. मी कधी तोंडातून शब्द काढला?" तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "पण ह्याला विचारलंस तूच. दोनदा विचारलंस. नको म्हणतोय तो. 'नको' ऐकायचंच नव्हतं, तर विचारलंस कशाला?"

राजाने दगडाकडे बघितलं. मग आमच्या हातांकडे. मग ऑपिटरला म्हणाला, "ह्याचा अर्थ काय लावायचा?"

म्हातारा ठाम बोलला. "महाराज, ज्या गावाची शीव राजासाठीसुद्धा हलत नाही, त्या गावाची शीव शत्रू काय हलवणार?"

राजा वेल्थूरला म्हणाला, "भिंती तशाच येऊ देत. ह्याला आतच राहू दे. ज्युपिटरला शेजार सोसेल."

आम्ही ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. वोपिस्कुसने मला मिठी मारली आणि माझ्या कानात एवढ्या मोठ्याने ओरडला की दिवसभर तो कान वाजत होता.

"आणखी एक राहिलं," पुपिया म्हणाली.

"आता काय?"

"हा उघड्यावरचा देव आहे. छपराखाली बसत नाही. वरून आभाळ दिसलं पाहिजे त्याला."

वेल्थूरने डोक्याला हात लावला. "माझ्या छपराला भोक? इतक्या मोठ्या छपराला? लोक म्हणतील, वेल्थूरला कौलं पुरली नाहीत!"

"म्हणू देत. मी सांगेन त्यांना, पुरली होती म्हणून."

राजाला हसू आवरलं नाही. मग आम्हालाही.

छप्पर चढायला पुढे बरीच वर्षं लागली. वेल्थूरने ते भोक दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. कडेने भाजलेल्या मातीची लाल नक्षी बसवली, आणि पावसाचं पाणी नेमकं दगडावर पडून खालच्या पन्हळीतून वाहून जाईल, अशी सोय केली. नंतर म्हणायचा की अख्ख्या देवळात तेवढंच काम मनासारखं झालं.

छप्पर झाल्यावरच्या पहिल्या शिवेच्या सणाला पुपिया मधाची पोळी आणि हार घेऊन आत गेली. रंगवलेले खांब, उंच दारं, आणि मधोमध उजेडाच्या झोतात तो काळा दगड. तिने त्याला तेल लावलं, हार घातला. मग पोळीचा तुकडा मोडून वेल्थूरपुढे धरला. "घे. दात आहेत ना अजून?"

"मध कमी पडलाय," तो तोंड भरून म्हणाला.

दारात आम्ही सगळे खणणारे उभे होतो. चिखलाच्या पायांनी तसेच आत शिरलो, आणि त्या दिवशी आम्हाला बाहेर व्हा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.