डाव्या बाहीतले टाके

"अहो, तुम्ही नको. तिलाच बोलू द्या की," कॉलेजच्या मॅडम हसून म्हणाल्या, आणि ठकीच्या आईचं, टेलरबाईंचं, उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

ठकीला कुणी काही विचारलं की उत्तर आईनं द्यायचं, ही त्यांच्या घरची जुनी खोड. पोर हुशार, एकदा ऐकलेलं विसरायची नाही. पण छापलेली अक्षरं तिच्यासमोर जागच्या जागी म्हणून राहत नसत. शाळेत एकदा बाईंनी उभं करून धडा वाचायला लावला, सगळा वर्ग फिदीफिदी हसला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ठकी घरातसुद्धा तोंडातून शब्द काढेना. ती धास्ती टेलरबाईंच्या मनातून अजून गेली नव्हती.

म्हणून तर त्यांना काल पाहिलेलं कॉलेज आवडलं होतं. केवढं मोठं, केवढी गर्दी! ठकी मागच्या बाकावर बसेल, कुणाला कळायचंही नाही. आजचं हे लहानसं. इथं परीक्षेला जास्त वेळ मिळणार, प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळणार, सगळं खरं. पण त्यासाठी वेगळ्या खोलीत जावं लागणार. म्हणजे साऱ्या जगाला कळणार! आणि प्रवेश कुठं घ्यायचा, ते आज संध्याकाळपर्यंत ठरवायचं होतं.

"ती खोली बघून ये," मॅडम ठकीला म्हणाल्या. "जिना चढलीस की डावीकडे, अगदी शेवटची. एकटीच जा."

ठकी उठली. टेलरबाईंची नजर सवयीनं तिच्या बाहीकडे गेली.

दोरा! ठकीला डावं-उजवं पटकन उमजत नसे. म्हणून ती लहान असल्यापासून तिच्या प्रत्येक कपड्याच्या डाव्या बाहीत, आतल्या अंगाला, टेलरबाई लाल दोऱ्याचे टाके घालत. ठकी हळूच बाही दुमडून बघे. दुसऱ्या कुणाला पत्ता लागत नसे. आजचा शर्ट नवा. सकाळी घाईघाईत बटणं लावली आणि टाके राहूनच गेले. साऱ्या गल्लीचे कपडे वेळेवर देणारी बाई, आणि पोटच्या पोरीच्या बाहीला विसरली!

"मी जाते तिच्याबरोबर..."

"बसा हो. हरवायला आमचं कॉलेज एवढं मोठं नाही."

टेलरबाई बसल्या कसल्या, खुर्चीच्या कडेला नुसत्या टेकल्या. मॅडम काहीबाही सांगत होत्या, यांच्या डोक्यात एक अक्षर शिरत नव्हतं. पोर उजवीकडे गेली असेल. भलत्याच वर्गाचं दार उघडलं असेल. 'एवढी पाटी लावलीय, वाचता येत नाही का?' असं कुणीतरी खेकसलं असेल. शेवटी राहवेना. "पाणी पिऊन येते," म्हणून ज्या निघाल्या त्या थेट जिना चढल्या, आणि वर पोचताच भिंतीआड थबकल्या.

ठकी दोन्ही बाह्या दुमडून उभी होती. समोर फरशी पुसणाऱ्या मावशी.

"मावशी, मला डावं-उजवं कळत नाही. पाट्याही पटकन वाचता येत नाहीत. डावीकडची शेवटची खोली कुठली, हात करून दाखवता का?"

टेलरबाईंनी डोळेच मिटले. आता हसणार. आता हसणारच!

"एवढंच ना?" मावशींनी फडकं बादलीत टाकलं आणि ओला हात लांब केला. "ती बघ, त्या टोकाला. फरशी ओली आहे गं, कडेकडेनं जा. आपटशील नाहीतर."

आणि त्या पुन्हा पुसायला लागल्या.

परत येताना ठकी म्हणाली, "आई, हेच कॉलेज."

"अगं, पण सगळ्यांना कळेल."

"कळू दे की."

"आणि हसले तर?"

ठकीनं दुमडलेल्या बाह्या खाली केल्या.

"हसतील एखादे वेळी," ठकी म्हणाली. "भीती वाटतेच गं. पण त्या मोठ्या कॉलेजात रोज मागच्या बाकावर लपून बसायचं, त्याची जास्त वाटते."

संध्याकाळी टेलरबाईंनी फोन करून लहान कॉलेजातली जागा पक्की केली. मग नवा शर्ट मांडीवर घेतला, सुईत लाल दोरा ओवला आणि डावी बाही उलटी केली.

"आतून नको," ठकी म्हणाली. "बाहेरून घाल. दर वेळी दुमडून कोण बघत बसणार?"

"बाहेरून? अगं, दिसेल ना!"

"दिसू दे."

टेलरबाईंनी बाही पुन्हा सुलटी केली. सगळा जन्म शिवणकामात गेला होता. तरी पहिला टाका वाकडा आला. त्यांनी तो उसवला आणि परत घातला.