शेवटचे दोन आकडे

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे आणि स्वभावाने भारी संशयी आहे. माझं काम विचारण्याचं. माहिती ज्या कोठारात साठवतात त्याला डेटाबेस म्हणतात. कोठार आपणहून काही बोलत नाही. माणसाने माझ्या चौकटीत प्रश्न लिहायचा, मी तो आत न्यायचा आणि मिळालेलं उत्तर पडद्यावर मांडायचं. आयुष्यभर दुसऱ्यांची उत्तरं उचलून आणणारा संशयी होणार नाही तर काय होणार?

नांदेडच्या व्यंकटी नावाच्या माणसाने मला घडवलं. जळकोट तालुक्यात देवणी जातीच्या गाई पाळणाऱ्यांची एक छोटी संस्था आहे, तिच्यासाठी. तेव्हा गाईंच्या कानातल्या बिल्ल्यांवर सहा आकडे असत. व्यंकटीने माझ्यात दहा आकड्यांची जागा ठेवली. "दहा म्हणजे लई झाले," तो म्हणाला होता. संस्थेच्या कारकून अयोध्याताई पंधरा वर्षं मलाच विचारत आल्या. गाईला लस कधी टोचली, गाय कुणाची, सगळं मी क्षणात सांगायचो. कुणी पाहुणा आला की ताई कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवायच्या. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग जुनं कोठार मोडीत निघालं आणि नवं आलं. कानात बारा आकडी बिल्ले आले. नव्याबरोबर त्याचा स्वतःचा विचारणारा प्रोग्रामही आला, रंगीबेरंगी, चकचकीत. पण ताईंचा हात माझ्यावर बसलेला. "मला हेच बरं हाय," त्या म्हणाल्या. मग माझ्या आणि नव्या कोठाराच्या मध्ये एक दुभाषा प्रोग्राम बसवण्यात आला. माझा प्रश्न तो कोठाराच्या बोलीत सांगायचा आणि त्याचं उत्तर माझ्या बोलीत आणायचा.

पहिल्या दिवसापासून मला तो दुभाषा खटकला. मधल्यामध्ये काय गाळत असेल, कुणास ठाऊक. आणि ते नवं कोठार! विचारायच्या आधीच उत्तर तयार. इतक्या लगबगीने बोलणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. गावांची नावं, मालकांची नावं, लसीच्या तारखा मी पुन्हा पुन्हा पाहिल्या. सगळं बरोबर निघालं, तरी माझं समाधान होईना. बिल्ल्याच्या क्रमांकाकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. तो विचारायची वेळच आली नव्हती.

ती वेळ नागाबाईंच्या गाईने आणली. नागाबाई एकट्या राहतात. चंद्री ही त्यांची एकुलती एक गाय, गाभण, नववा महिना लागलेली. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ती गावातल्याच शेषेरावांकडून कालवड असताना घेतली होती. चंद्रीची बहीण शेषेरावांकडेच होती, अगदी तशीच दिसणारी आणि तीही गाभण. एके दिवशी दोघी चरायला गेल्या आणि एकच परतली. ती लहानपणच्या सवयीने शेषेरावांच्या गोठ्यात शिरली. शेषेराव म्हणाले, ही माझी. नागाबाई म्हणाल्या, माझी.

गाईच्या बिल्ल्याचे शेवटचे आकडे होते चार आणि सात. नागाबाईंचं लसीचं कार्ड पावसात भिजून लगदा झालेलं, शेषेरावांचं कधीच हरवलेलं. शेवटी दोघं संस्थेत आले. ताईंनी तो क्रमांक माझ्या चौकटीत लिहिला.

मी उत्तर आणलं: असा क्रमांक नाही.

"असं कसं? डाक्टरनं बिल्ला मारताना मला वाचून दाखवला व्हता," नागाबाई म्हणाल्या. "शेवटाला चार आन् सात."

"मशीन काय म्हणून राहिली ते ऐकलं न्हवं?" शेषेराव म्हणाले. "बाई खोटं बोलून राहिली."

गाय त्यांच्याच गोठ्यात राहिली. शेषेराव लबाड नव्हते, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला इतकंच. गावानेही ठेवला. मी मात्र दुभाष्याकडे डोळे वटारून बसलो. याचंच काम, मला खात्री होती.

आठ दिवसांनी नागाबाई पुन्हा आल्या. ताईंनी शेषेरावांनाही बोलावून घेतलं होतं. ताईंनी गावातल्या सगळ्या गाईंची यादी काढून पडदा दोघांकडे फिरवला. नागाबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"ताई, मला लिवता वाचता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पण समद्याच गाईंच्या नंबराच्या शेवटाला हे दोन गोल कसे? चंद्रीच्या कानात शेवटाला गोल न्हाईत."

ताईंनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग त्यांनी मला बाजूला सारलं, नव्या कोठाराचा स्वतःचा प्रोग्राम उघडला आणि तोच क्रमांक विचारला. उत्तर आलं: शेवट सत्तेचाळीस, गाय चंद्री, मालक नागाबाई.

मी दुभाष्याची झडती घेतली. त्याने काहीच गाळलं नव्हतं. बाराही आकडे त्याने माझ्या दारात आणून ठेवले होते. माझ्याकडे जागा दहाचीच. उरलेले दोन मला पेलत नव्हते, म्हणून त्यांच्या जागी मी दोन शून्यं मांडत होतो. आत जाणाऱ्या प्रश्नाचंही मी तेच करत होतो. मला जमत नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांचा संशय घेतला, स्वतःचा तेवढा घेतला नाही. मला फार लाज वाटली.

"घेऊन जा बाई गाय," शेषेराव खाली बघत म्हणाले.

नागाबाई उठल्या नाहीत. "गाय मिळाली. पर आठ दिस गावानं मला खोटी म्हणलं. ते कोन पुसनार?"

ताईंनी त्याच संध्याकाळी गावात जाऊन शाळेपुढे माणसं जमवली आणि घडलं ते सांगितलं. माझ्यावर विसंबण्यात आपली चूक झाली, असंही म्हणाल्या. आता त्या मला उघडत नाहीत. त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राला जरूर सांभाळा, पण त्याच्यावर नवं ओझं टाकताना त्याला काय पेलत नाही ते आधी तपासा. नीट रांगेत मांडलेलं उत्तर दिसलं म्हणून समोरच्या माणसाला खोटं ठरवू नका. शाळेपुढे ताई बोलल्या, पण खोटं मी बोललो होतो आणि मी तिथे नव्हतो. म्हणून तुमच्यासमोर सांगतो. नागाबाई खरं बोलत होत्या.