बटणांचा डबा

लांब्या शिवणकामाच्या कारखान्यात परत आला, तर त्याच्या मशीनवर कव्हर घातलेलं. मास्तरांनी त्याच्या हातात बटणांचा डबा दिला. त्याला फिट आली होती घरी, पण बातमी त्याच्या आधी कामावर पोचली होती.

त्याला मशीन हवं होतं. बस.

त्याचे उपचार चालले होते त्या केंद्रातल्या ताई येऊन गेल्या. त्याच्या मशीनच्या सुईला गार्ड बसवलं, स्टुलाऐवजी हात असलेली खुर्ची दिली, आणि सगळ्यांना गोळा करून शिकवलं. पडला तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, दाबून धरू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर ॲम्ब्युलन्स.

"तोंडात चमचा?" काजं करणाऱ्या मावशीने विचारलं.

"काहीही नाही."

मास्तर म्हणाले, "बघू." मास्तरांचं बघू म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत.

लांब्याची बटणं वाकडी लागायची. एरवी मास्तरांनी एका टाक्यावरून सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आता नुसतं "छान, छान". त्यानेच लांब्याचं डोकं फिरायचं.

एकदा बटण घरंगळत टेबलाखाली गेलं, म्हणून तो वाकला. "पडला!" मावशी किंचाळली. तिघं झेपावले. लांब्या कुशीवर, डोक्याखाली अर्धी शिवलेली पँट.

"अगं मावशी, बटण शोधतोय!"

"बोलू नकोस, पडून राहा."

"बोलतोय म्हणजे शुद्धीवर आहे ना!"

"ते ताईंनी नव्हतं सांगितलं."

पुढच्या आठवड्यात खरंच फिट आली. लांब्याला भान आलं तेव्हा डोक्याखाली तीच पँट होती आणि मावशी अजून घड्याळाकडे बघत होती. ॲम्ब्युलन्स लागली नव्हती. जरा वेळ बसला, पाणी प्यायला. मग त्याने बटणांचा डबा मास्तरांपुढे ठेवला आणि पिशवी उचलली.

"कुठे निघालास?"

"तुम्ही जा म्हणायच्या आधीच जातो."

मास्तरांनी मान खाजवली. "कधी बघितलं नव्हतं रे. मला वाटायचं, काय भयंकर असेल." मग म्हणाले, "आज कोणालातरी सोबत घेऊन घरी जा. झोप. बरं वाटलं की मशीनवर बस."

तिसऱ्या दिवशी त्याने पहिली कॉलर शिवली. मास्तरांनी ती उजेडात धरली.

"ही कॉलर आहे का घाटातला रस्ता? डोळे घरी ठेवून आलास? उसव!"

लांब्या उसवायला बसला. गालातल्या गालात हसत होता.

"मास्तर, हा हसतोय," मावशी म्हणाली. "घड्याळ बघू का?"