मागच्या खोलीतले पिंजरे

आयुष्यभर लोकांची कपाटं केलेल्या सुताराला कोंबड्यांचे पिंजरे म्हणजे डाव्या हातचा मळ वाटले. थोरल्या बहिणीने मागची खोली रिकामी करून दिली. तिचा पांढरा कोंबडा महिन्याभराने प्रदर्शनाला जायचा होता. पैदाशीचा तांबडा कोंबडा आणि सहा कोंबड्याही तिथेच ठेवायच्या होत्या.

आठ दिवसांत काम झालं. फळ्या आरशासारख्या गुळगुळीत, आणि गार वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीसुद्धा बुजवलेल्या. ताई बघत राहिली.

कोंबड्या आत आल्या त्याच्या पाचव्या दिवशी पांढऱ्याच्या शेपटीतलं सगळ्यात लांब पीस मोडलं. वळताना ते जाळीला घासत होतं. सुताराने कप्पा वीतभर वाढवला. मग दोन्ही कोंबडे जाळीआडून एकमेकांवर धावून जाऊ लागले. त्याने मध्ये फळी ठोकली. जेवतानाही त्याचं बोट ताटाच्या कडेने रेघा ओढत असे.

"घास तरी गीळ," बायको म्हणाली.

आठवड्याभराने कोंबड्यांचे डोळे पाणावले. त्याने भुसा बदलला, पाण्याची भांडी घासली. काही फरक पडेना.

"वास येतोय का बघ," ताई म्हणाली.

"मला तर काही येत नाही."

"तू उभा आहेस. त्या खाली बसतात."

तो भुशावर आडवा झाला. नाक कोंबड्यांच्या उंचीला आलं आणि डोळे चरचरून पाण्याने भरले. विष्ठेचा उग्र दर्प जमिनीलगत कोंडून राहिला होता. आपणच खिडकी बंद केली, हे आठवून तो शरमेने तिथेच पडून राहिला.

मग उठला. खालचे कप्पे स्वतःच्या हाताने मोडले. खिडकी मोकळी केली, जमिनीलगत भिंतीत दोन झरोके पाडले, आणि वर छताजवळ एक. ताईने फक्त विटांचा चुरा गोळा केला.

चार दिवसांत डोळे निवळले. पीस काही वेळेत उगवलं नाही. ताईने पांढऱ्याऐवजी एक कोंबडी नेली. तिचा तिसरा नंबर आला.

"पांढरा असता तर पहिला आला असता," सुतार म्हणाला.

"आला असता," ताई म्हणाली. "पण या जगल्या."

तो खिशातून टेप काढून अंड्यांच्या कप्प्यांची उंची पुन्हा मोजू लागला.